उघाडी आणि चौदावा प्रश्न

१२ सप्टेंबर १९५७, गुरुवार

आज मुंबईहून डॉक्टरीणबाई आल्या. वय असेल पस्तीस, पायांत बूट, बोलणं सरळ. त्यांच्या संस्थेला साठ आणि त्यापुढच्या माणसांची पाहणी करायची आहे. म्हातारपणी कोणते आजार चिकटतात, कोणतं अपंगत्व येतं आणि ते आल्यावरही माणसं दिवस कसा काढतात, हे आपल्याकडे कोणी नीट विचारलेलंच नाही म्हणे. पनवेल आणि खाडीकाठची पाच गावं त्यांनी माझ्याकडे सोपवली.

मी विचारलं, माझीच निवड का? म्हणाल्या, "तुम्ही छत्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होता. लोक तुमच्याशी खोटं बोलणार नाहीत." बाई नव्या आहेत. लोक सगळ्यांत जास्त खोटं कंपाउंडरशीच बोलतात. लोणचं खाऊन येतात आणि पथ्य पाळलं म्हणून सांगतात.

पण मला काम आवडलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायची सवय हातातून अजून जात नाही. छापील कागदावर बावीस प्रश्न आहेत. चौदावा सर्वांत महत्त्वाचा: 'आपला नेहमीचा धंदा दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता येतो काय?' उत्तर नाही आलं, तर लाल पेन्सिलीने 'पूर्ण परावलंबी' अशी खूण करायची. अशा माणसांसाठी संस्था जागा शोधून देणार.

चंद्रावतीने, म्हणजे आमच्या सौ.ने, तीही बरोबर येणार असल्याचं जाहीर केलं. "बायकांशी कोण बोलणार? प्रश्न मी वाचीन, तुम्ही लिहा." छपाई बारीक आहे खरी; हल्ली छापखानेवाले शाईत काटकसर करतात. तिचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी देखणं, तरी लिहायचं काम माझ्याच गळ्यात. बाईसाहेबांचा आळस वाढत चाललाय.

१६ सप्टेंबर, सोमवार

पहिलं गाव. नऊ कागद भरले. वय कोणालाच माहीत नाही. सोनाबाई नावाच्या आजीला विचारलं, तर म्हणाली, "मोठा बांध फुटला तवा मी पाळण्यात होते." बांध कधी फुटला ते कोणाला ठाऊक नाही. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्या साली त्याचं लग्न झालं. त्याचं लग्न कधी झालं? बांध फुटला त्या साली!

दुसरी अडचण नावांची. नवऱ्याचं नाव कोणी घेत नाही.

"आजी, मालकांचं नाव?"

"आमच्या गोदूचा बापूस."

"गोदूच्या बापाचं नाव काय?"

"काय म्हंजे? तेंचं तेंना हाय."

मी चिडलो. कचेरीला पूर्ण नाव लागतं. शेवटी शेजाऱ्याला विचारून लिहिलं. सौ. पदर तोंडाला लावून हसत होती. वाटेत तिला म्हटलं, "हसतेस काय? बेचाळीस वर्षांत तू तरी कुठे घेतलंस माझं नाव?" म्हणाली, "लग्नात उखाण्यात घेतलं होतं. तेवढं पुरतं."

परतताना एका बैलगाडीवाल्याने उजवीकडून येऊन मला जवळजवळ चिरडलंच. बैलांना घुंगरू म्हणून नाहीत. सौ. म्हणाली घुंगरू होते. नव्हते.

१८ सप्टेंबर, बुधवार

घराच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडांना सौ.ने चुन्याचे पट्टे मारले आहेत. विचारलं तर म्हणते, शोभा येते. कसली शोभा! रेल्वेचा फलाट वाटतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस मोठा मजेचा गेला, सविस्तर लिहितो.

खाडीकाठच्या गावाच्या बांधावर उघाडी आहे. बांधाच्या एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला साऱ्या गावाचं भात, आणि मध्ये हे जाड लाकडी दार. ओहोटीला दोराने दार वर ओढून शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढू लागली की दार पाडून खुंटी सरकवायची. खारं पाणी एकदा आत शिरलं, तर तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही.

ही उघाडी सांभाळतात दोन म्हातारे. काशीराम, सत्तरीला आलेला, दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल, उजेड-अंधार एवढंच कळतं. पण दंड असे की पाहात राहावं. दुसरा मुबारक, पूर्वी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. चार वर्षांपूर्वी अंगावरून वारा गेला आणि उजवं अंग लुळं पडलं. तो दारापासून आठ हात लांब, बांधाच्या कोपऱ्यावर बसतो. तिथून खाडी आणि शेत दोन्हीकडचं पाणी दिसतं. तो "सोड… थांब… सोड" म्हणतो, काशीराम दोर सोडतो, आणि दार बसलं की मुबारक आपल्या कोपऱ्यापर्यंत आलेली खुंटीची लांब काठी डाव्या हाताने सरकवतो. सुगीला गाव दोघांना भात घालतं.

भरतीची वेळ कशी कळते, हे मला हवं होतं. काशीराम म्हणाला, "तिथीची पाऊणपट. आज बारस. बाराची पाऊणपट नऊ. नऊला पानी भरंल." मुबारक चांद मोजतो. त्याची तारीख काशीरामच्या तिथीच्या मागे असते आणि त्यावरून दोघे रोज भांडतात. मी घड्याळ काढून बसलो. नऊला पाच मिनिटं कमी असताना पाणी थांबलं. मी खूश झालो. त्रेचाळीस वर्षं पनवेलीत राहून मला हे माहीत नव्हतं!

मग कागद भरले. सौ.ने चौदावा प्रश्न वाचला.

काशीराम म्हणाला, "मदतीबिगर? नाय."

मुबारक म्हणाला, "खोटं कशाला बोलू, साहेब? ह्यो नसंल तर मी दोर कशानं धरू? नाय."

किती प्रामाणिक माणसं. मी लिहू लागलो तशी सौ. म्हणाली, "अहो थांबा, हे असं नका लिहू." मी म्हटलं, "प्रश्न संस्थेचा, उत्तर त्यांचं. आपण मध्ये पडायचं नाही, याला शास्त्र म्हणतात." दोघांनाही लाल खूण केली.

निघताना मुबारक काशीरामला म्हणाला, "काशा, साहेबांचा उजवा हात धर. बांध निमुळता हाय." आणि त्या आंधळ्याने मला हाताला धरून बांधाच्या टोकापर्यंत आणून सोडलं. खेड्यातल्या माणसांत अजून किती आदर शिल्लक आहे!

२२ सप्टेंबर, रविवार

काल साठ कागद रजिस्टर पोस्टाने पाठवले.

आज सौ.चं ओलं लुगडं पिळताना शेजारच्या रंभाबाईंनी मला पाहिलं आणि फिदीफिदी हसल्या. हंडा उचलायचा मी, लुगडी पिळायची मी, बरण्यांची झाकणं उघडायची मी. वर हिच्या भाकऱ्या हल्ली वाकड्या. म्हटलं, पेन्शन मला मिळते की तुला?

कंदिलाच्या ज्योतीभोवती पुन्हा रंगीत कडं दिसतं. काच दोनदा पुसली. रॉकेलच भेसळीचं आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

वाईट झालं.

उघाडीच्या गावचे जगन पाटील आज घरी आले. बांधाच्या समितीचे ते प्रमुख. हातात संस्थेचं पत्र होतं. आपल्या गावातील खालील दोन इसम पूर्ण परावलंबी आढळले असून त्यांची सोय झाली आहे: काशीरामची पुण्याकडच्या अंधगृहात, मुबारकची मुंबईच्या अपंगांच्या आश्रमात. आठवड्याभरात पाठवून द्यावे.

जगन पाटील वाईट माणूस नाही. म्हणाले, "कंपाउंडर, तुमीच लिवलंय ना हे? आमी रोज बगतो, पन आमच्या ध्यानात नाय आलं. भात पोटरीला आलंय. पूर्ण अपंगांच्या हातात दार ठेवलं आनि पानी शिरलं, तर गाव मला धरंल. कोजागिरीच्या उधाणाला भगवान दार धरंल. तीस वर्सांचा हाय, एकटा बैलगाडी उचलतो."

"आणि ते दोघे?"

"जातील की. तितं आयतं जेवन हाय."

ते गेल्यावर मी सौ.कडे पाहिलं.  'थांबा म्हटलं होतं ना' असं ती म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटते आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा, कशात लक्ष नव्हतं. आज आम्ही दोघे बांधावर गेलो. वाटलं होतं शिव्या खाव्या लागतील. काशीरामने फक्त विचारलं, "त्या पुन्याला खाडी हाय का?"

"नाही."

"मग तितं मी काय आयकू?"

मुबारकने आपला लुळा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "साहेब, माझी खतीजा गेली तवा मी खाटेवरून उठत नव्हतो. ह्यो काशा रोज येऊन म्हनायचा, चल, मला पानी दिसत नाय. ओढत आनला मला हितं. आता मुंबैला खाटेवर बसून मी कुनाला सांगू, सोड म्हनून?"

 मी कागदावर खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, तरी हे माझ्या हातून झालं होतं. हेच कोडं वाटेत मी सौ.पुढे मांडलं. ती म्हणाली, "चौदावा प्रश्न जगन पाटलांना विचारा की."

"ते धडधाकट आहेत. चाळिशीचे. त्यांना कशाला?"

"म्हणूनच."

मी तिथेच थांबलो. दवाखान्यात नवं थर्मामीटर आलं की आधी ते मी स्वतःच्या तोंडात धरून बघत असे. बऱ्या माणसात ते काय दाखवतं हे कळल्याशिवाय तापकऱ्याचा ताप कसा कळणार? आणि इथे साठ कागद भरले, पण बरा माणूस एकही विचारला नाही.

घरी आल्यावर गल्लीत जो भेटेल त्याला चौदावा प्रश्न विचारला. न्हावी म्हणाला, "गिऱ्हाईकाने मान धरली नाही तर कान जाईल." गाड्यांची चाकं करणारा म्हणाला, "चाकावर लोखंडी धाव चढवायला चार माणसं लागतात." गिरणीवाला, सोनार, टांगेवाला, सगळ्यांचं उत्तर नाही! टांगेवाल्याला तर घोड्याची मदत लागते. मला हसू येत होतं. बाईंना तार केली, मंगळवारी भरतीआधी या.

७ ऑक्टोबर, सोमवार

वर्तमानपत्रात मोठ्ठ्या अक्षरांत बातमी: रशियाने आकाशात नवा चंद्र सोडला. तो पृथ्वीभोवती फिरतो आहे. सारं पनवेल माना वर करून उभं. सौ. वाचून दाखवत होती आणि मी दर वाक्याला "पुन्हा वाच" म्हणत होतो. दूधवाल्याबरोबर काशीरामचा निरोप आला आहे: नव्या चंद्राने उद्याच्या भरतीची वेळ बदलेल काय? त्याला उद्या घर जाणार की राहणार याची चिंता असताना हा प्रश्न सुचतो, म्हणून मला तो माणूस फार आवडला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

कोजागिरी. आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

बाई सकाळच्या मोटारीने आल्या. दहा वाजता बांधावर निम्मं गाव. उधाणाचं पाणी भराभर चढत होतं. दार वर होतं, शेतातलं पाणी अजून बाहेर जात होतं. जगन पाटील म्हणाले, "भगवान, धर."

भगवानने दोर धरला. मुबारक आणि काशीराम कोपऱ्यावर नुसते बसलेले, दोघांच्या मांडीवर बांधलेली गाठोडी. पाणी बरोबरीला आलं तसं भगवानने दोर सोडला. दार खाली आलं, पण पुरतं बसण्याआधी लाटेने उचललं. खुंटी सरकवायला हवी होती आणि काठीचं टोक आठ हात लांब, कोपऱ्यावर. दोर सोडावा तर दार लाटेवर तिरकं होतंय, धरावा तर हात पोचत नाही. त्याने दोर मेखेला गुंडाळला आणि धावला. दोर निसटला आणि दार तिरकं अडकलं.

मला वाटतं आम्हां कोणाला काही कळायच्या आत काशीराम ओरडला, "पानी आत येतंय!" त्याने ते ऐकलं होतं. उठून, चाचपडत नाही, सरळ चालत तो दोरापाशी गेला. "मुबारक!"

"ओढ! आजून… आजून… सोड!"

दार धाडकन बसलं. मुबारकच्या डाव्या हाताने खुंटी सरकली. आत आलेलं पाणी पहिल्या खाचराच्या कोपऱ्यातच राहिलं. पाणी चढायचं थांबलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं, साडेअकराला सात मिनिटं कमी. नव्या चंद्राने काही फरक पडला नाही, हे मी काशीरामला लगेच सांगितलं.

मग सौ.ने पिशवीतून कागद काढला आणि साऱ्या गावापुढे खणखणीत आवाजात वाचला, "जगन पाटील, उघाडीचं काम दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता येतं काय?"

पाटलांनी भगवानकडे पाहिलं. भगवान हात चोळत उभा होता. "नाय येत," पाटील म्हणाले. "कुनालाच नाय."

"मग तुम्हांलाही लाल खूण करायची का?"

लोक हसले, पाटीलही हसले. मग जरा विचार करून म्हणाले, "ते दोघं ऱ्हाऊद्यात. पन भगवान रोज येऊन शिकंल. हे दोगं बी कायमचे नाय." मुबारक म्हणाला, "येऊदे. तिथी पाठ करून ये म्हनावं." काशीरामने गाठोडं सोडलं, त्यात दोन धोतरं आणि एक कांबळं होतं. ते त्याने तिथेच अंथरलं आणि बसला. माझे डोळे भरून आले.

बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी माणूस एकेकटा मोजला." त्यांनी तिथल्या तिथे चौदाव्याखाली नवा प्रश्न लिहिला: 'कोणाबरोबर करता?' लाल खुणेचे सगळे कागद पुन्हा भरायचे.

इथे थांबलो असतो तर दिवस गोड झाला असता. पण मुबारकने डावा हात आमच्याकडे केला आणि बाईंना विचारलं, "बाई, ह्या दोघांचा कागद भरला का?"

मी म्हटलं, "आम्ही पाहणी करणारे."

"तेच तं. त्या वाचतात, तुमी लिवता."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "समोर बघा. बोटं किती?"

"कुठली बोटं?" मी विचारलं.



१३ ऑक्टोबर, रविवार

पाच दिवस वही उघडली नाही.

बाईंनी चिठ्ठी दिली आहे. मुंबईला मोठ्या इस्पितळात डोळे दाखवायचे. डोळ्यातला दाब वाढतो आणि बाजूंनी नजर आत आत येत जाते. गेली ती परत येत नाही. राहिली ती टिकवता येईल म्हणाल्या. मी डावा डोळा झाकून पाहिलं. उजव्याने भिंतीवरच्या तसबिरीतला फक्त मधला चेहरा दिसतो, चौकट दिसत नाही. किती दिवस दिसत नसेल?

या वहीची मागची पानं चाळली. घुंगरू. चुन्याचे पट्टे. कंदिलाचं कडं. अशा माणसाची तपासणी मी दवाखान्यात दाराशीच केली असती. सौ.ला विचारलं, "तुला कधीपासून माहीत?" म्हणाली, "दोन वर्षं. तुम्ही चहात मीठ घातलंत तेव्हापासून." "मग बोलली का नाहीस?" म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही घराबाहेर पडला नसतात."

मी रागावलो, मग राग गेला. म्हटलं, "आण कागद. बासष्ट वर्षांचा इसम, क्रमांक एकसष्ट. तू लिही." लेखणी तिच्या पुढे केली. ती घेईना. मी आग्रह केला तेव्हा तिने हात पुढे केला, आणि तो मी बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहावा तसा नीट, मधोमध धरून पाहिला. बोटांचे सांधे सुजलेले, दोन बोटं बाजूला वळलेली. लेखणी त्यांत उभी राहीना. हंडा, लुगडी, बरण्या, वाकड्या भाकऱ्या. याला मी वहीत तीनदा नावं ठेवली आहेत. ती पानं फाडावी वाटलं, पण फाडली नाहीत. शास्त्रात फाडायचं नसतं.

मग नेहमीसारखंच केलं. तिने वाचलं, मी लिहिलं. माझा कागद आधी. चौदावा: नाही. त्याखालचा, कोणाबरोबर करता? मी लिहिलं: सौ. चंद्रावती.

मग क्रमांक बासष्ट, वय साठ पूर्ण. चौदावा तिने वाचला आणि स्वतःच म्हणाली, "नाही."

"कोणाबरोबर करता?" या खेपेस मी विचारलं. "पूर्ण नाव लागतं. कचेरीचा नियम आहे."

ती खिडकीकडे बघत राहिली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"यांच्याबरोबर," ती म्हणाली.

मी तसंच लिहिलं.